अस्वलाने धरलेला मंत्र

"अस्वलाला मंत्र म्हणता येत नाही. विषय संपला."

"का येत नाही? तोंड आहे ना त्याला?"

"तोंड आहे, शब्द नाहीत. वहीत लिहिलंय, कामिल. पान तिसरं. वाचता येतं ना तुला?"

"वहीत बरंच काय काय लिहिलंय, ड्राहा. ऊबेचा मंत्र एक तास टिकतो, असंही लिहिलंय. ते पान कसं गं तुझ्या हाताखाली येत नाही कधी?"

ड्राहाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिने चष्मा काढला की समोरच्याने गप्प बसायचं असतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. कामिललाही ठाऊक होतं. पण तो त्याचा आमच्यातला शेवटचा गुरुवार होता. सोमवारपासून तो दूर लिंझ शहरात नव्या नोकरीवर रुजू होणार होता, आणि जाणाऱ्या माणसाला धीर जरा जास्तच असतो.

"माझा बार्टोश मरतोय," तो म्हणाला. "बर्फाच्या भेगेत पडलाय, बरगड्या मोडल्यात. तीनदा फासा टाकायचा, तीनदा हुकला की खलास. दोनदा हुकलाय. आणि हातभर अंतरावर त्याला बरा करणारा माणूस बसलाय..."

"माणूस नाही. अस्वल."

"बरं बाई, अस्वल! अस्वल बसलंय, आणि त्याने नुसतं हुंगत बसायचं? त्याला टेबलावर दोनदा टकटक करू दे. मंत्र झाला असं धरू. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"नियमाचं जातंय."

दोघांच्या मधोमध बोहुश कालिना बसला होता. मानेला निळा रुमाल, दोन्ही हातांच्या मुठी टेबलावर टेकलेल्या. आमच्या खेळात ज्याने रूप पालटलंय त्याने मुठी अशा टेबलावर ठेवायच्या. मुठी टेबलावर आहेत तोवर तो माणूस जनावर असतो. तो बोलला तर ते धरलं जात नाही, आणि मंत्र तर नाहीच नाही.

बोहुशच्या मुठी पंधरा महिने टेबलावर होत्या.

*

आमच्या लितोवेल गावच्या अग्निशमन दलाच्या इमारतीत, गाडीच्या हॉलमागे एक खोली आहे. लांब टेबल, भिंतीवर जुनी पितळी शिरस्त्राणं, कपाटात दलाने जिंकलेले चषक. आमचा खेळ तिथे दर गुरुवारी पाच वाजता बसतो. ड्राहा त्याची सूत्रधार. दिवसभर ती औषधाच्या दुकानात उभी असते. गुरुवारी संध्याकाळी ती डोंगर, नद्या, राजे आणि राक्षस होते. आपण आपापलं पात्र घ्यायचं, ते काय करतं ते सांगायचं, अडलं की वीस पैलूंचा फासा टाकायचा. या टेबलावर वयाला मान नाही, सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. ड्राहा त्रेसष्टची आहे, बोहुश सहासष्टचा. कामिल एकतीसचा, आणि मी त्याच्याहून लहान.

बोहुश खेळायला आला नव्हता. तो नळ दुरुस्त करायला आला होता.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती त्याने मला इतक्यांदा सांगितली, की मीच तिथे होते असं वाटावं. बाहेर उणे अठरा. खोलीतला पाइप फुटलेला. बोहुश टेबलाखाली उताणा पडून काम करतोय आणि वर टेबलाभोवती मोठी माणसं कसल्याशा भुयारातून चाललीयेत. ड्राहा रंगात येऊन सांगतेय: समोर एक काळी नदी, ती उतारावरून वर चढत चाललीय...

टेबलाखालून आवाज आला. "पाणी वर चढत नाही."

"ही जादूची नदी आहे," ड्राहा म्हणाली.

"असेल. पण तिला मागून दाब कोण देतंय?"

ड्राहाने खाली वाकून पाहिलं. म्हणे, गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन काळेभोर हात आणि एक टोपी दिसली. "एवढं कळतं तर वर येऊन बस की," ती म्हणाली. पाइप जोडून झाल्यावर तो खरंच वर येऊन बसला.

पाणीखात्यात तो एकतीस वर्षं होता. कुठल्या फरशीखाली कुठली झडप आहे हे त्याला नकाशाशिवाय माहीत. खांद्यावर झडपा फिरवायची लांब किल्ली आणि हातात लोखंडी कांब. कांबेचं एक टोक जमिनीवर, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. चौकात असा उभा दिसला की लोक त्याला वळसा घालून जात, गाड्या सावकाश हाकत. पाणी कुठे गळतंय ते तो ऐकत असे. एकटा राहायचा. आई होती तोवर आई, मग रेडिओ. कामावर दिवसाला वीसेक शब्द खर्च करत असेल. राहिलेले सगळे गुरुवारी आणायचा.

खेळात त्याने रानवैद्य घेतला. यासन नाव ठेवलं. झाडांशी बोलणारा, जखमा बऱ्या करणारा, हवं ते जनावर होणारा. बोहुशचा आवाज मात्र देवाने घाईत दिलेला: गंजलेली झडप फिरवावी तसा. मी नाटक शिकलेली मुलगी, आवाजाची भारी चिकित्सक. माझ्या पहिल्या गुरुवारी त्याचा मंत्र ऐकला आणि खाता खाता पाव हातातच राहिला. आमच्यात मंत्र पाठ करून चालत नाही, वाचून दाखवून चालत नाही. खेळणाऱ्याने तिथल्या तिथे स्वतःच्या शब्दांत, मोठ्याने म्हणायचा. बाकीचे लोक "हे अग्निदेवते" वगैरे करायचे. बोहुश म्हणायचा, "थांब. हलू नकोस. कुठे फुटलंय ते आधी ऐकतो." आणि सगळं टेबल खरंच हलायचं थांबायचं.

आता ज्या नियमावरून भांडण पेटलं होतं, तो नियम कुणी आणला? बोहुशनेच.

पहिल्याच वर्षी यासन पाणमांजर झाला आणि ओढ्यात बुडी मारून एका बुडणाऱ्याला वाचवून आला. ड्राहा खुश होऊन म्हणाली, "आता तसाच पाणमांजर राहून त्याच्यावर मंत्रही म्हण!"

"नाही," बोहुश म्हणाला.

"अरे, मी देतेय ना परवानगी!"

"तू देशील. पाणमांजर कसं घेईल? त्याला बोटं नाहीत, जीभ आपली नाही. आणि रूप पालटून काहीच गमवायचं नसेल, तर पालटलं कशाला म्हणायचं? नुसता कोट बदलला म्हण."

तासभर वाद झाला आणि बोहुश जिंकला. वहीच्या तिसऱ्या पानावर ड्राहाच्या गोल अक्षरात ते आहे: *रूप पालटलेल्याला मंत्र म्हणता येणार नाही. आधी म्हटलेला मंत्र मात्र मनाने धरून ठेवता येईल. एका वेळी एकच. दुसरा म्हटला की पहिला सुटला. (बोहुशच्या हट्टावरून.)*

*

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत खेळातली आमची टोळी डोंगराच्या खिंडीत होती. बर्फाचं वादळ. ड्राहा असं सांगत होती की मी स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेतली होती. यासनने ऊबेचा मंत्र म्हटला. तो मला शब्दन् शब्द आठवतो.

"वाहतंय ते वाहतं राहू दे. नळ फुटू नयेत, श्वास गोठू नयेत. माझी माणसं इथे आहेत, एवढ्या या गोलात. इथे थंडी येणार नाही. मी धरून आहे."

"यासनच्या जगात नळ कुठून आले रे?" कामिल हसला.

"जिथे माणसं तिथे नळ," बोहुश म्हणाला. मग त्याने दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या. "अस्वल."

त्या खोलीत त्याच्या घशातून आलेला तो शेवटचा शब्द. त्यानंतरच्या सोमवारी ओलोमोउत्सच्या इस्पितळात त्याचं स्वरयंत्र काढलं. तंबाखू स्वतः वळून प्यायचा, चाळीस वर्षं. ऑपरेशनचं त्याने एकट्या ड्राहाला सांगितलं होतं. आम्हाला ते पुढच्या गुरुवारी कळलं, रिकाम्या खुर्चीसमोर.

तीन महिन्यांनी तो परत आला. वाळलेला, गळ्याच्या भोकावर निळा रुमाल. आम्ही सगळे उगाच मोठ्याने बोलत होतो. ड्राहाने नेहमीसारखी सुरुवात केली, "खिंडीत अजून बर्फ पडतोय. यासन, तू काय करतोस?" आणि विचारून बसल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला.

बोहुशने मुठी टेबलावर ठेवल्या.

"अस्वल," ड्राहा हळूच म्हणाली. "अस्वलच आहे अजून. ठीक. आणि ऊब टिकून आहे."

तेव्हापासून खिंडीतला मंत्राचा तो तास संपलाच नाही. गुरुवारमागून गुरुवार गेले. बाहेर चेरी फुलल्या, पिकल्या, झडल्या, आम्ही खिंडीतच. ड्राहा एकेका पावलावर एक संध्याकाळ घालवू लागली. कधी वाटेत गुहा, गुहेत म्हातारा संन्यासी, संन्याशाची लांबलचक कहाणी. मधेच कुणी किती वेळ झाला विचारलं तर ती म्हणे, "दहा मिनिटं झालीत." ऑगस्टमध्ये सतरा झाली होती. नाताळात एकोणीस. कुणी हसलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. तास संपला तर मंत्र संपणार, मंत्र संपला तर तो आवाज संपणार, हे आम्ही एकमेकांना न सांगता पाळत होतो.

आणि बोहुश अस्वल झकास करायचा. भुवयांनी. खांद्यांनी. एकदा कामिलच्या समोरचं उग्र वासाचं चीज त्याने मुठीने असं काही शांतपणे स्वतःकडे ओढून घेतलं की कामिल ओरडला, "ए, ते खेळातलं नाही, ते माझं जेवण आहे!" बोहुशने त्याच्याकडे बघत ते पूर्ण खाल्लं.

एक गोष्ट मात्र मला एकटीला माहीत आहे असं मला वाटत होतं. गेल्या शरदात मी ड्राहाच्या दुकानात रांगेत होते. माझ्यापुढे बोहुश. त्याने खिशातून टॉर्चसारखी एक छोटी वस्तू काढली, रुमालाच्या वर गळ्याला लावली, बटण दाबलं. "नमस्कार, ड्राहा," ते यंत्र म्हणालं. सपाट, दाढीच्या विजेच्या मशीनसारखं, ना चढ ना उतार. पण शब्द स्वच्छ. त्याने घरी आरशासमोर किती दिवस घासले असतील कोण जाणे.

ड्राहाने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुढचं कोण?" ती म्हणाली.

तो बाजूला झाला. यंत्र खिशात गेलं. त्याने चिठ्ठी लिहिली, तिने औषध दिलं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

*

"नियमाचं जातंय म्हणे!" कामिल आता उभा राहिला होता. "नियम मला शिकवू नकोस, ड्राहा. एक तास पंधरा महिने ताणलास. तेव्हा कुठे गेला होता नियम?"

"ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

"बोहुशसाठी केलं ते. तुला कळायचं नाही."

"बोहुशसाठी?" कामिल जरा थांबला. मला वाटलं बसेल. तो बसला नाही. "तो बोलतो, ड्राहा. माहितीय तुला? सगळीकडे बोलतो. कसायाकडे बोलतो. बसमध्ये माझ्याशी बोलतो, अख्खा अर्धा तास, गाडीचा आवाज चालू असताना. माझ्या आईला फोन करून सांगितलंय त्याने, थंडी यायच्या आत तळघरातला पाण्याचा मीटर गुंडाळून ठेव म्हणून. फक्त तुझ्यासमोर बोलत नाही. का, ते विचार स्वतःला."

"कामिल, पुरे," मी म्हणाले.

"पुरे काय? मी सोमवारी जातोय. मी बोललो नाही तर तुम्ही बोलणार आहात का? त्या खिंडीतच म्हातारे व्हाल सगळे!"

ड्राहाचे दोन्ही हात वहीवर होते, लहान मुलाचं डोकं धरावं तसे. "टकटक करून मंत्र म्हटला," ती म्हणाली, "तरी तो दुसराच मंत्र झाला. दुसरा म्हटला की पहिला सुटतो. पान तिसरं." मग एकदम, कोरड्या आवाजात, "फासा टाक."

"ड्राहा..."

"तुझी पाळी आहे. तिसरी. टाक."

म्हणजे बार्टोश गेला तरी चालेल, पण ऊब जाऊ द्यायची नाही, हे आता टेबलावर उघडं पडलं होतं. कामिलने फासा उचलला. आठ वर्षं तो बार्टोश खेळत होता. त्या शिपायाच्या टोपीत कुठल्या पक्ष्याचं पीस आहे तेही त्याला माहीत होतं. त्याने मूठ हलवली.

बोहुशने आपली उजवी मूठ उचलून कामिलच्या मनगटावर ठेवली.

मग ती उघडली.

पाच बोटं. पंधरा महिन्यांत त्या टेबलावर आम्ही ती पाहिली नव्हती. त्याने डावीही उघडली, दोन्ही तळहात मांडीवर पुसले आणि खिशात हात घातला.

"बोहुश," ड्राहा म्हणाली. "मुठी."

त्याने यंत्र गळ्याला लावलं.

"यासन," यंत्र म्हणालं. "माणूस होतो."

बाहेरच्या अंगणात दलातलं कुणीतरी होजपाइप धूत होतं. ते पाणी थांबल्याचं मला ऐकू आलं. मे महिन्याचं पिवळं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. ड्राहा त्याच्याकडे पाहत नव्हती. ती यंत्राकडे पाहत होती.

"मंत्र," बोहुश म्हणाला. आणि डोळे मिटले, चौकात मिटायचा तसे. "थांब, बार्टोश. हलू नकोस. कुठे फुटलंय ते आधी ऐकतो."

कुणी हललं नाही.

"सापडलं. डावीकडची तिसरी आणि चौथी बरगडी. हाडाला हाड लागू दे. गळतंय ते थांबू दे. मी वर आहे, झडप माझ्या हातात आहे. हळू सोडतो. हळू. आता श्वास घे." यंत्राला उसंत घेता येत नाही, तो बटण सोडून उसंत घेत होता, आणि त्या उसंतींमध्ये मला तो जुना खरखरीत माणूस पूर्ण दिसत होता. "ऊठ, पोरा. तुला सोमवारी कामावर जायचंय."

कामिल हसला. हसता हसता त्याने तोंडावर हात धरला आणि तो भिंतीवरच्या शिरस्त्राणांकडे बघत राहिला. फासा त्याच्या दुसऱ्या मुठीत तसाच होता. बरं करण्याच्या मंत्राला फासा लागत नाही. बार्टोश जगला होता. ते सूत्रधाराने सांगायचं असतं, पण ड्राहा अजून यंत्राकडेच पाहत होती, म्हणून मीच म्हणाले, "बार्टोश उठून बसला."

आणि मग दुसरी गोष्टही कुणीतरी सांगायला हवी होती. दुसरा मंत्र म्हटला होता. पहिला सुटला होता. बर्फ पडत होता, आणि आमच्याभोवती आता काही नव्हतं.

ती मला सांगवेना.

बोहुशने खुर्ची ड्राहाकडे वळवली. यंत्र गळ्याला लावलं, मग काढलं, रुमाल नीट केला, पुन्हा लावलं.

"मी सोडला," यंत्र म्हणालं. "तू नाही. मी. पुष्कळ दिवस धरला होता, हात दुखले. इथेच आहे मी. असा. असाच येणार दर गुरुवारी. आता तू सांग, आम्ही खिंडीत आहोत, थंडी येतेय. काय दिसतंय पुढे?" बटण सुटलं. पुन्हा दाबलं. "ड्राहा. तास संपला का?"

ड्राहाने चष्मा घातला. वही मिटायला गेली, आणि मिटली नाही; तिसऱ्या पानावर उघडीच ठेवून ती उठली. खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर तिने घेतला, बाहेर ऊन असतानाही, खिंडीतली थंडी आता लागल्यासारखा, अंगात घातला, एकेक करून सगळी बटणं लावली. बोहुशच्या खुर्चीमागून जाताना तिचा हात त्याच्या खांद्याच्या बोटभर वर थांबला. मग दार उघडून ती हॉलमध्ये गेली, लाल गाडीच्या कडेने, बाहेरच्या उजेडात.